अक्कानं न पाहिलेले शेवट

अक्का,

मागच्या रविवारी एक पिक्चर बघितला. तू गेल्यानंतरचा पहिलाच. थेटरात जायचं मन होईना, म्हणून तुझ्या सुनेनं, प्रीतीनं, वर येऊन माझ्या टीव्हीवर लावून दिला. काकू, नुसत्या भिंतीकडे बघत बसू नका, म्हणाली आणि खाली स्वयंपाकाला गेली. पिक्चर खेड्यातला होता म्हणे. खेडं कसलं, सगळ्यांच्या अंगावर इस्त्रीचे कपडे, अंगणात कोंबडी नाही, दारापुढं शेणाचा पो नाही. नायिका सकाळी उठून म्हशीची धार काढायला बसते. रेडकू तिकडं खुंट्याला बांधलेलंच. हिनं ते सोडलं नाही, कासेवर पाणी मारलं नाही, आणि खाली बादली धरली तर फेस वरपर्यंत. मी एकटीच मोठ्यानं म्हणाले, "अगं, म्हशीनं पान्हा सोडला कसा?" आणि शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. ते म्हणायचं काम तुझं होतं. तू नव्हतीस म्हणून माझ्या तोंडून आलं.

बाकी पिक्चरबद्दल माझं मत विचारशील, तर गाणी बरी आहेत, नायक उगीचच दाढी वाढवून बसलाय, आणि सासू एवढी वाईट दाखवलीय की आपली सासू देवमाणूस वाटावी. आणि तुझी परीक्षा लावली तर तो पिक्चर सपशेल नापास. अख्ख्या पिक्चरमध्ये कुणी कुणाला जेवलास का म्हणून विचारलं नाही. पूर्वी तू टॉकीजमध्ये माझ्या कानाशी लागून विचारायचीस, "एवढी माणसं ह्या घरात, सैपाक कोण करतंय गं?" ज्या पिक्चरमध्ये चूल दिसायची, कुणीतरी ताट वाढायचं, तो तुझ्या मते चांगला पिक्चर. मी मॅट्रिक झालेली, मला ह्याचं हसू यायचं. आता मात्र पिक्चर लागला की मीही आधी स्वयंपाकघर शोधते. तुझी खोड मला लागली, अक्का, आणि ती सांगायला तू नाहीस.

मी तुला तू म्हणतेय, ते घरच्यांनी वाचलं तर दचकतील. तू थोरली जाऊ, मी धाकटी. घरात, चार माणसांत, मी तुला जन्मभर अहो-जाहोच केलं. पण टॉकीजमध्ये दिवे गेले की मी तुला 'तू' म्हणायचे आणि बसमध्ये चढलो की परत 'तुम्ही'. हे आपण कधी ठरवलं नव्हतं. पहिल्यांदा माझ्या तोंडून 'अगं अक्का' निघालं तेव्हा मी जीभ चावली. तू मात्र पडद्यावरची नजर न काढता म्हणालीस, "चालतंय. हितं कोण बघतंय."

आज कोणाला सांगून खरं वाटणार नाही की चिकलठाण्याच्या पुढं, जिथं आता कंपन्यांच्या भिंती आहेत, तिथं आपला गोठा होता. तुझे मालक शेती बघायचे आणि सायकलवरून उस्मानपुऱ्यात दुधाचा रतीब घालायचे, माझे नव्यानं आलेल्या कंपनीत पाळीवर जायचे. आणि आपण दोघी सरकी-पेंड आणायच्या निमित्तानं शहरात यायचो. सासूबाईंनी एकदा विचारलंच, पेंड आणायला दोघी कशाला लागतात. तू शांतपणे म्हणालीस की एकीनं पोतं उचलायचं आणि एकीनं बस थांबवायची. त्यांना ते पटलं. मला हसू आवरेना म्हणून मी न्हाणीत गेले.

सकाळीच पेंड घ्यायची, पोतं घेऊन बाराच्या खेळाला जायचं. पोतं दोघींच्या पायांत. त्या वासानं पुढच्या रांगेतली माणसं वळून वळून बघायची. एका बाईनं तर नाकाला रुमाल लावून डोअरकीपरला बोलावलं. त्यानं पोतं जिन्याखाली ठेवायला सांगितलं, तर तू त्याला म्हणालीस, पोत्याचं तिकीट फाडा, पण ते हितंच बसंल. तो हसून निघून गेला. पिक्चर सव्वातीनला सुटायचा, आणि आपली गाडी क्रांती चौकातून तीनची. ती चुकली तर पुढची थेट पाचनंतर. पाचला म्हशी धारेला उभ्या राहायच्या, आणि त्या तुझ्याशिवाय कुणाच्या हाताला दूध देत नसत. म्हणजे नायकाच्या आईला खांबाला बांधलं की तू पोत्याला हात घालायचीस. सगळं टॉकीज श्वास रोखून बसलेलं, आणि आपण दोघी पोतं ओढत, लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर. मी मान मागं वळवून बघायचे. तू कधी वळली नाहीस.

म्हणून आपण दोघींनी त्या वर्षांत एकाही पिक्चरचा शेवट बघितला नाही. शेवट तू बसमध्ये करायचीस. मी पोत्यावर बसलेली, तू दांडा धरून उभी, आणि गाडी जालना रोडला लागली की तू सुरू. तुझ्या शेवटात कुणी मरायचं नाही, हा पहिला नियम. गोळी लागलेला भाऊ दवाखान्यातून बरा होऊन यायचा. हरवलेलं पोर घरी यायचं आणि त्याला आधी गरम भाकरी मिळायची. आणि खलनायकाला तू तुरुंगात कधी पाठवलं नाहीस. त्याला ज्या विधवेची जमीन बळकावली तिच्याच शेतात सालगडी म्हणून ठेवायचीस. "तुरुंगात बसून काय करंल त्यो? फुकटची भाकर खाईल. हितं वर्षभर नांगर धरू दे," असं तू म्हणालीस तेव्हा मागच्या सीटवरचा म्हातारा कंडक्टरला म्हणाला, ह्या बाई बरोबर बोलतात. घंटी वाजवायचं विसरून कंडक्टरही ऐकत होता.

मग संध्याकाळी धारा झाल्या की आळीतल्या बाया ओट्यावर जमायच्या आणि तू पिक्चर सांगायचीस. पहिल्यापासून तुझ्या शेवटापर्यंत. सगळ्यांनी तोच पिक्चर म्हणून मनात धरला. पुढं त्यातली एखादी माहेरी जाऊन तो खरोखर बघून यायची आणि म्हणायची, आक्काबाई, त्यात तर भाऊ मरतोय की. तू अजिबात गडबडायची नाहीस. "मग त्या टॉकीजला येगळी रीळ आली असंल," म्हणायचीस. आणि बाया मान हलवायच्या. त्यांतली कौसाबाई अजूनही त्या पिक्चरमधला भाऊ जिवंत आहे असंच समजते.

मला हे तेव्हाही पटत नव्हतं आणि नंतर तर आपलं यावरून कडाक्याचं वाजायचं. जमीन कंपन्यांत गेली, म्हशी विकल्या, आपले दोघींचे मालक एकापाठोपाठ गेले, आणि पोरांनी उस्मानपुऱ्यात एकाच इमारतीत घरं घेतली, खाली तू आणि वर मी. आता ना धारेची वेळ, ना तीनची गाडी. दुपारी टीव्हीवर तेच जुने पिक्चर लागायचे, आणि तरी खांबाला बांधायची वेळ आली की तू उठायचीस. कुकर लावते. कपडे काढते. मी ओरडायचे, अगं बस की, म्हशी हायेत का आता. तू स्वयंपाकघरातूनच म्हणायचीस, सवय हाय. एकदा मी तुला हाताला धरून बसवलं आणि आपण सालगडी केलेला तो खलनायक कड्यावरून पडून मेला. तू दोन दिवस त्या पिक्चरवर रागावून होतीस. चूक केली त्यांनी, म्हणालीस. मी म्हणाले, ज्यानं पिक्चर काढला त्याचा शेवट खरा. अर्धा बघून मत द्यायचा तुला काय हक्क? तू म्हणालीस, अर्धा मी बघितला, अर्धा मी केला, म्हणजे मत माझंच पुरं. यावर आपलं कधी एकमत झालं नाही. मी आजही माझ्या बाजूला ठाम आहे, पण तुझ्याशिवाय त्या भांडणात काही मजा राहिलेली नाही.

एक गोष्ट मी तुला कधी विचारली नाही. तू पिक्चरमध्ये रडायचीस. रडक्या पिक्चरला सगळेच रडतात, पण तू विनोदी पिक्चरलाही रडायचीस. नायकाचा मामा पिठाच्या डब्यात पडतो, टॉकीज हसून लोळतंय, आणि माझ्या शेजारी तू पदराचा बोळा तोंडाला लावून हुंदके देतेयस. मी कोपरानं ढोसून म्हणायचे, अगं, हसायचंय इथं. तू म्हणायचीस, व्हय, हसतेच की. बाहेर पडताना जिन्याखालच्या नळावर तू तोंड धुवायचीस, आणि बसमध्ये चढेपर्यंत तुझा चेहरा कोरडा, स्वच्छ, शेवट सांगायला तयार.

शालू माझ्या लग्नाच्या आधीच्या वर्षी गेली. तुझी पहिली, चार वर्षांची, तापानं. मी तिला पाहिलेलं नाही. मी घरात आले तेव्हा तिचा लहानसा परकर फडताळात घडी करून ठेवलेला होता आणि तिचं नाव कुणी घेत नसे. तिन्हीसांजेला घरात डोळे पुसायचे नाहीत, असा सासूबाईंचा नियम होता, आणि सकाळी-दुपारी तर कामातून फुरसतच नव्हती. ओसरीवर पुरुषमाणसं, चुलीपाशी सासूबाई, गोठ्यात गडी. त्या एवढ्या मोठ्या घरात आतून कडी लावता येईल अशी एक खोली नव्हती. हे सगळं मला माहीत होतं, अक्का. तुझं टॉकीजमधलं रडणंही मी शेजारी बसून बघत होते. पण ह्या दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी कधी ठेवल्या नाहीत, त्या शेवटच्या पिक्चरपर्यंत.

त्या दिवशी प्रीतीनं मोबाईलवर आपली तिकिटं काढली आणि आपल्याला मॉलमधल्या थेटरात सोडलं. तू खुर्चीचं बटण दाबलंस, खुर्ची मागं झोपली आणि तू घाबरून माझा हात धरलास. आपण दोघी इतक्या हसलो की पुढच्या पोरी वळून बघायला लागल्या. पेंडीच्या पोत्याची आठवण मी काढली. तू म्हणालीस, आता पोत्याला पण अशी खुर्ची मिळाली असती.

पिक्चर एका बाईचा होता. तिची मुलगी लहानपणी गर्दीत हात सुटून हरवलेली, आणि ही म्हातारपणी एक पिशवी घेऊन तिला शोधत गावोगाव फिरते. संथ पिक्चर, गाणं नाही की काही नाही. मला मधेमधे जांभया येत होत्या, खरं सांगते. पण त्या बाईला वाटेत एक जण दारात बसवून पिठलं-भाकरी वाढते, तेव्हा तू माझ्या मांडीवर थाप मारलीस, म्हणजे पिक्चर पास झाला. शेवटी तिला एक पत्ता मिळतो. ती जिना चढते. दारापुढं उभी राहते, पदर सारखा करते आणि कडी वाजवते. आणि तू उठलीस.

मी तुझं मनगट धरलं. आज नको गं, म्हणाले. तू हात सोडवून घेतला नाहीस आणि बसलीही नाहीस. शेवटी मीच सोडलं, तेव्हा रांगेतून बाहेर निघून पायऱ्यांवर उभी राहिलीस, पडद्याकडं पाठ करून, माझ्याकडं तोंड करून. सगळं थेटर पुढं बघत होतं आणि तू एकटी उलटी उभी. दार उघडल्याचा आवाज आला. तुझे खांदे हलले. पुढं एक शब्द नाही, आणि दिवे लागले.

इतक्या वर्षांत तुझं ते तोंड मी उजेडात कधी पाहिलं नव्हतं. तू पदर वर घ्यायलाही विसरली होतीस. लोक तुझ्या बाजूनं खाली उतरत होते, बघत होते, एका पोरीनं आजी बरं वाटत नाही का म्हणून विचारलं. तू तिला म्हणालीस, काय नाय बाई, डोळ्यांचं आपरेशन झालंय. ऑपरेशन तर झालेलंच नव्हतं. मी तुझ्याजवळ आले आणि हाताला धरून तुला खाली उतरवलं. रिक्षात बसल्यावर तूच बोललीस.

"दिवे लागल्यावर लोक तोंडाकडं बघत्यात, सुमे. अंधारात कुणी इचारत नाय."

रिक्षा क्रांती चौकात सिग्नलला थांबली होती. जिथून आपण तीनची गाडी धरायचो त्याच बाजूला. मी तुझा हात हातात घेतला, आणि तू मला जे विचारलंस ते तू त्याआधी एकाही पिक्चरबद्दल विचारलं नव्हतंस. "पोरगीच व्हती का गं दारात? खरं सांग." मी सांगितलं, दाखवलंच नाही. दार उघडतं, त्या म्हातारीच्या तोंडावर आतला उजेड पडतो, आणि पिक्चर संपतो. आत कोण आहे ते कुणालाच कळत नाही. असं कुठं असतंय, म्हणालीस. एवढी पायपीट करायला लावली आणि दार उघडून दाखवलं नाही? मी शपथ घेतली. तू मान हलवलीस, पण तुझा विश्वास बसला नाही, ते मला दिसलं.

तुला वाटलं, मी लपवतेय. आत कुणीतरी दुसरीच होती, किंवा मुलगी मेल्याचं कळलं, आणि सुमन आपल्याला जपण्यासाठी थाप मारतेय. दवाखान्यात तुझ्या छातीत पाणी झालं तेव्हा बोलायलाही धाप लागत होती, आणि तरी एका दुपारी तू परत विचारलंस. तुझा मुलगा दिनकर उशाशी, प्रीती औषधं घेऊन उभी, नर्स नळी बघत होती, आणि मी त्या सगळ्यांसमोर म्हणाले, "अक्का, तुझ्या गळ्याची शपथ, दाखवलं नाही गं." प्रीती चमकून माझ्याकडं बघायला लागली. तिनं मला तुला तू म्हणताना कधी ऐकलं नव्हतं. तू डोळे मिटून हसलीस. "लई जपतीस मला," एवढंच म्हणालीस. त्यानंतर माझ्याशी तू नीट काही बोलली नाहीस, आणि दुसऱ्या दिवशी गेलीस.

मला हेच सलतंय. बाकी तुझं सगळं झालं, वय झालं होतं, नातवंडं बघितलीस, शेवटी हाल झाले नाहीत, लोक येऊन हेच सांगतात आणि मी हो म्हणते. पण तू जाताना मनात वाईट शेवट घेऊन गेलीस, आणि तो नव्हताच. जन्मभर तू बाकीच्यांची पोरं घरी आणलीस, त्यांना गरम भाकरी वाढलीस. एकदाच तुला खरा शेवट हवा होता, आणि त्या शहाण्यांनी तिथंच दिवे लावले. त्या पिक्चरवर माझा फार राग आहे. प्रीती म्हणते त्याला बक्षिसं मिळाली, असा शेवट म्हणजे मोठी कला असते. असेल. मला पटत नाही. आणि हे लिहिताना लक्षात येतं की मी तुझ्या बाजूनं भांडतेय.

काल तुझं मासिक होतं. गावाकडच्या बाया आल्या होत्या, कौसाबाईला दोघींनी धरून जिना चढवला. जेवणं झाल्यावर पुरुष खाली गेले आणि आम्ही वर माझ्या खोलीत बसलो. तुझ्या गोष्टी निघाल्या, म्हशींच्या, पोत्याच्या. मग कौसाबाई मला म्हणाली, "तुम्ही दोघींनी शेवटी कंचा पिक्चर बघितला गं? आक्का सांगायची तसा सांग बरं."

मला तुझ्यासारखं सांगता येत नाही. तरी सांगितला. हात सुटला तिथपासून, पिशवी, गावं, पिठलं-भाकरी. पिठल्याला बाया खूश झाल्या. सांगता सांगता मी दारापर्यंत आले. म्हातारीनं पदर सारखा केला, कडी वाजवली, आणि मी थांबले. सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. कौसाबाई पुढं सरकली. "मंग? पोरगीच हाय ना?"

"पोरगीच," मी म्हणाले. "दार तिनंच उघडलं. हाताला पीठ लागलेलं, भाकऱ्या थापत होती. आईला बघितलं आणि म्हणाली, किती उशीर केलास गं, तवा तापलाय, ये आत."

बायांनी एकदम श्वास सोडला. एकीनं डोळ्याला पदर लावला. कौसाबाई म्हणाली, असंच पाहिजे. प्रीती दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती गोंधळून म्हणाली, "पण काकू, मी बघितलाय तो. त्यात तर दार उघडलं की पिक्चर संपतो ना?"

"तू बघितलास त्या टॉकीजला येगळी रीळ आली असंल," मी म्हणाले.

बायांनी मान हलवली. बाहेर अंधारून आलं होतं, आणि कुणीतरी दिवा लावा गं म्हणालं. प्रीतीचा हात बटणाकडं जायच्या आत मी उठले आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.